भिंतीची जागा

१

लढाईच्या दिसांत काडीपेटी मिळायची न्हाई. रॉकेल न्हाई, साखर न्हाई, त्याचं आमच्या कोल्हारात कुनाला लई वाटायचं न्हाई. पन काडीपेटीच न्हाई म्हनल्यावर चूल पेटवायची कशानं? आमच्या गल्लीत एकच चूल अशी हुती, जिच्यात रातभर राखंखाली विस्तव जिता ऱ्हायचा. शरिफाची. दिस उगवला की मी खापर घेऊन तिच्या परसदारी जायची आन म्हनायची, "शरिफे, दे ग वाईच." ती राख उकरून दोन निखारे खापरावर टाकायची आन रोज तेच म्हनायची, "मावशी, परत आनून द्या बरं का." मंग दोघी हसायचो. विस्तव कधी कुनी परत दिलाय?

मी बायडाबाई. शाळंत दुसरीपतुर गेले. मास्तरच्या खुर्चीला खाजकुयली चोळली म्हनून पुढं घातलं न्हाई. नवरा लवकर गेला, पोर न बाळ, मंग गंमती करन्याबिगर मला दुसरा उद्योग काय? गनीभाईच्या बोकडाला माझं जुनं लुगडं नेसवून मी बाजाराच्या दिशी सोडला हुता. निम्म्या गावानं त्याला मीच समजून रामराम घातला. तवापास्नं मी काय बी बोलले की लोक आधी हसायचे आन मंग इचारायचे, बायडे, यातलं खरं किती? एवढं ध्यानात ठेवा.

शरिफाचं घर म्हंजी एकच लांब खोली, धाब्याची. पुढचं दार गल्लीत, मागचं परसात. पुढच्या अंगाला तिचा नवरा कमरुद्दीन कापूस पिंजायचा, मागच्या अंगाला तिची चूल. दिसभर त्याची धनुकली वाजायची, तुंई, तुंई, तुंई. कालवनात बी कापसाची पिसं उडून पडायची. माझं घर त्या घराला चिकटून, मधी एकच भिंत. धनुकली वाजायची थांबली की मला कळायचं, दोघं जेवायला बसली.

२

भांडन कालवनातल्या मिठावरनं झालं. मिठाचं नुसतं निमित्त. तो तिरसट, ही तिखट, आन पोर व्हईना म्हनून दोघांच्या पोटात एकच कड, ती एकमेकाच्या अंगावर वकायची. त्या दिशी दारात गोधडीवाली गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्या देखत त्यानं तलाक म्हनलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा म्हनला आन सोताच तोंडावर हात ठेवला. पन साक्षीदार बसलेले. आता गिळतो कसा?

निकाहाच्या टायमाला मेहर म्हनून अर्धं घर बोललेलं हुतं, ते सगळ्या जमातीला ठावं. तलाक दिला की मेहर द्यायाच लागतो. जमातीचं म्होरकंपन गनीभाईकडं. तो आला, दोरी आनली, घर आतनं पुढच्या दारापास्नं मागच्या दारापतुर मापलं, दोरीची घडी घातली, मधी गाठ मारली. गाठीवर भिंत. पुढलं कमरुद्दीनचं, मागलं शरिफाचं.

शरिफा पदर दाताखाली धरून उभी, भांडनात बांगड्या फुटून मनगटं मोकळी. तिला मागं एक भाऊ, नूरमहंमद, नगरजवळ केडगावला. भावजय तिला दोन दिस बी ठिवून घ्यायची न्हाई, हे तिनंच मला सांगितलेलं. मला म्हनली, "मावशी, एवढं अर्धं गेलं तर मला नदीच हाय." त्याचंबी तसंच. पिंजाऱ्याला छत लागतं. वाऱ्यावर कापूस पिंजता येतो का?

मंग भिंतीच्या जाडीवर अडलं. हातभर रुंदीची भिंत, ती उभी करायची कुनाच्या जागंत? तो म्हनला, तिच्या. ती म्हनली, त्यांच्या. दोघांनी निम्मी निम्मी द्यावी, असं मी म्हनले, तर दोघंबी माझ्यावर डाफरले. दुपार कलली. गनीभाईला भूक लागलेली. त्यो म्हनला, "मंग ती जागा कुनाचीच न्हाई. भिंतीची जागा भिंतीची. बोला दोघं."

आमच्याकडं तीनदा बोललं की पक्कं. कमरुद्दीन तीनदा बोलला, ती जागा माझी न्हाई. शरिफाबी तीनदा बोलली, ती जागा माझी न्हाई. मी दारात बसून शेंगा खात हुते. मी म्हनले, "भिंतीचं नशीब बघा. मला मेलीला एवढी जागा कुनी दिली न्हाई." सगळे हसले.

निघताना गनीभाईनं आनखी एक अट घातली. जो आधी घर सोडून दुसरीकडं ऱ्हायला जाईल, त्याचं अर्धं दुसऱ्याचं. भांडनाला आळा बसावा म्हनून बिचाऱ्यानं घातली.

३

पांढरीच्या मातीची भिंत उभी ऱ्हायली, वाळली. शरिफा इद्दतीला बसली, म्हंजी तलाकानंतर तीन म्हैने उंबऱ्याच्या आतच. ती भाईर पडत न्हाई म्हनल्यावर कमरुद्दीनबी पडंना. उंबऱ्याभाईर पाय टाकला आन कुनी म्हनलं, हा घर सोडून गेला, तर? दोघांचं पानी मीच भरायची. गल्लीतनं त्याला, बोळातनं वळसा घालून तिला. निरोपबी मीच पोचवायची, वाईच मीठमिरची लावून. त्यानं "पीठ हाय का इचारा" म्हनलं की मी तिला सांगायची, तुझ्या हातची भाकरी आठवून रडतोय. ती तोंड फिरवायची, पन कान हिकडंच.

एका सकाळी मी खापर घेऊन गेले तर ती चुलीम्होरं कान देऊन बसलेली.

"मावशी, ते आज कुठं पिंजत्यात?"

"कुठं म्हंजी? जागच्या जागी."

"लांबनं येतंय."

मी म्हनले, तलाक दिल्याव आवाज लांबनं यायचाच. पन थांबून ऐकलं. तुंई, तुंई. बारीक. नदीच्या पल्याड कुनी पिंजतंय जनू. मी बोळातनं पुढं गेले तर गल्लीत कान फाटतील अशी धनुकली वाजत हुती. माती ओली असंल, आवाज गिळत असंल, अशी मी मनाची समजूत घातली.

मंग तिच्या बाजंचं निघालं. तिची बाज चूल आन भिंतीच्या मधी सरळ बसायची, चहूकडनं झाडता येईल एवढी जागा सोडून. आता बाजंचे पाय भिंतीला टेकले हुते. चार दिसांनी ती तिरपी टाकावी लागली. शरिफा म्हनली, ते भिंत सरकावत्यात, मला भाईर काढायला. मी लगोलग पुढं गेले. मीठमिरची लावायच्या आधीच कमरुद्दीन म्हनला, "मावशी, हे बगा." छताला टांगलेली त्याची धनुकली भिंतीला घासून घासून तिथं चर पडलेला. आधी ती हलली तरी भिंत हाताला लागायची न्हाई. त्यो म्हनला, "हिनंच भिंत ढकललीय."

मी हसले. म्हनले, दोघं दोन अंगांनी ढकलताय, मंग भिंत जागची हलंल कशी? आन हसता हसता मलाच ते कळलं. ती हिकडंबी सरकली हुती आन तिकडंबी.

४

गनीभाईकडं गेले तर त्यो आधी आपल्या बोकडाकडं बगून आला. मंग दोरी घेऊन आला, तीच, गाठीची. कमरुद्दीनच्या दारापास्नं भिंतीपतुर धरली. दोरी उरली. बोळातनं मागं आला, शरिफाच्या दारापास्नं भिंतीपतुर धरली. तिथंबी उरली, तेवढीच. दोघं आपापल्या जागंवरनं वरडले, बगा, म्हनलं न्हवतं?

मंग गनीभाईनं घर भाईरनं मापलं. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. भाईरनं घर हुतं तेवढंच हुतं.

त्यो माझ्या ओट्यावर बसला. पानी मागितलं, पन प्याला न्हाई. मी बरीच कारनं काढली. दोरी भिजून ताणली असंल. भिंत जाड बांधली असंल. पन ती आमच्या डोळ्यांदेखत बांधलेली, हातभरच. मंग त्यो म्हनला, "बायडाबाई, खुदाची आन घालून सांगा. ही तुमची गंमत न्हाई ना?"

मी म्हनले, न्हाई. त्यानं माझ्याकडं बगितलं आन हसला. त्याला हसायचंच हुतं. गंमत असंल तर बरं हुतं, त्यालाबी आन मलाबी. दोरी काखंत मारून गेला. तवापास्नं मशिदीला जायला त्यानं वेशीकडनं लांबचा रस्ता धरला. लोक म्हनायचे, गनीभाई आता पोट कमी करायला चालतो.

५

शेवटी कमरुद्दीननं पहार काढली. म्हनला, आरपार भोक पाडतो, म्हंजी जाडी कळंल. तुमी तिकडं जाऊन टोक निघालं की सांगा.

दुपारचं ऊन. मी मागं जाऊन शरिफाच्या खोलीत बसले. खोली कसली, चूल आन बाज. बाज उभी केल्याबिगर चुलीपाशी जाता येईना. दोघी भिंतीकडं तोंड करून बसलो. तिकडनं ठोके ऐकू येईनात. भिंतीला हात लावला तर थरथर बी न्हाई. बऱ्याच वेळानं लांबनं हाळी आली, शेतातनं मानूस देतो तशी.

"निघालं का?"

शरिफानं माझ्याकडं बगितलं. तलाक झाल्यापास्नं ती त्याच्याशी बोलली न्हवती. तरी तिनंच उत्तर दिलं. "न्हाई."

मी बोळातनं पळत पुढं गेले. कमरुद्दीन घामानं निथळत उभा. पहार भिंतीत मुठीपतुर गेलेली.

"हातभर माती लागली," त्यो म्हनला. "मंग मोकळी झाली. हलवून बगा."

मी पहार धरली. पुढं टोक मोकळं हलत हुतं, पोकळीत. डावीउजवीकडं फिरवली तरी कशाला लागंना. मी म्हनले, घूस लागली असंल, बीळ असंल. त्यो म्हनला, "येवढं?"

मंग पहार अडकली. कशाला आपटली न्हाई. कुनीतरी टोक हळूच हातात धरावं, तशी. आमी दोघांनी ओढली तर येईना. मी मनात म्हनले, दगड असंल, मुळी असंल. आन तेवढ्यात ती सुटली. सोडून दिल्यागत.

टोकाला कापसाची पिसं चिकटलेली. भोकातनं वारा येत हुता, गार. उन्हाळ्याच्या दुपारी, राखंसारखा वास असलेला गार वारा. कमरुद्दीननं ओल्या मातीचा गोळा करून भोक बुजवलं. बुजवताना त्याचा हात आत जाऊ नये म्हनून त्यो माती लांबनंच फेकत हुता.

त्या दिशीपास्नं त्यानं धनुकली वाजवली न्हाई. तिला हालायला जागाच उरली न्हवती. पन शरिफाला ती ऐकू यायची. मलाबी. रोज आनखी लांबनं.

६

मी दोघांना सांगितलं, पोरांनो, घर सोडा. त्यो म्हनला, ती आधी सोडंल तर सोडतो. ती म्हनली, ते आधी सोडतील तर सोडते. आतापतुर दोघंबी आपापल्या दारात आडवं अंग करून बसत हुती, पाठ दाराला आन गुडघे भिंतीला. तरी म्हनत हुती, अर्धं माझं हाय.

मंग मी तोड काढली. दोघांनी बोचकी बांधायची आन एकाच टायमाला उंबरा वलांडायचा. कुनीच आधी न्हाई, मंग कुनाचंच जायचं न्हाई. त्यानं नगरला जावं, तिनं केडगावला. भावजयीचं बगता येईल. पुढचं दार तिला दिसायचं न्हाई, मागचं त्याला. धाब्यावरनं दोन्ही दिसतात. मी धाब्यावर चढून हाळी देनार.

दोघांनी कबूल केलं. शरिफानं माझा हात धरला आन धरूनच ठेवला. मी तिला म्हनले, नगरला जाताना त्याच्या गाडीला आपसूक तुझीबी गाडी लागंल, वाटंत भांडा काय भांडायचं ते. ती हसली. लई दिसांनी.

सकाळचं ऊन पडल्यावर मी माझ्या धाब्यावरनं त्यांच्या धाब्यावर गेले. तिथं मी वर्षानुवर्षं मिरच्या वाळत घातलेल्या, वीतन् वीत ठावं. पुढं वाकून बगितलं, कमरुद्दीन बोचकं घेऊन दारात उभा. मागं वाकून बगितलं, शरिफा उभी. मी मधी उभी ऱ्हायले आन हाळी दिली, उचला पाय.

पुढनं आवाज आला. "तिनं उचलला का?"

"उचलला."

मागनं आवाज आला. "मावशी, ते निघाले का?"

"निघाला, बाई. टाक पाऊल."

खरं तर दोघांचेबी पाय उंबऱ्यावर अधांतरी. मी दोघांना सांगत हुते, त्यो निघाला, ती निघाली. आन दोघं वर माझ्याकडं बगत हुती. एकानं गल्लीतनं मान वर केलेली, एकीनं परसातनं, आन दोघांच्या तोंडावर एकच सवाल.

"मावशी," कमरुद्दीन म्हनला, "ही गंमत तर न्हाई?"

मागनं शरिफा तेच म्हनली, त्याच सुरात. तिला त्याचं ऐकू गेलेलं न्हवतं.

मी आन घातली. मेलेल्या नवऱ्याची घातली. मंग पाय आत घेतल्याचं मी बगितलं, आधी पुढं, मंग मागं. दारं लागली.

मी उतरायला वळले, तवा मला ते दिसलं. धाब्याला उजेडाला आन धुराला भोक ठेवत्यात, त्याला आमी साणं म्हनतो. त्या घराला दोन साणी. एक पुढं, एक चुलीवर. आता दोन्हीच्या मधी तिसरं हुतं. कडा जुन्या, हात लागून गुळगुळीत झालेल्या. त्यातनं धूर न्हाई, कापसाची पिसं वर येत हुती, सावकाश, वारा नसताना.

मी वाकले. वाकायला नको हुतं, पन मी बायडाबाई, मला ऱ्हावतंय का?

आत लांब खोली हुती. पुरी. भिंत न्हाई. लई खाली, आडात बगावं तेवढी खाली. एका विझलेल्या चुलीम्होरं दोघं समोरासमोर बसलेली, मधी एक ताट, ताटात काहीच न्हाई. दोघं त्या ताटातनं जेवत हुती. त्यो हात ताटात घालून तिच्या तोंडापाशी न्यायचा, ती त्याच्या. बोलत न्हवती, भांडत न्हवती. दोघांच्या डोक्यावर कापूस साचलेला.

तिनं मान वर केली न्हाई. हात तेवढा वर केला. तेवढ्या खालनं हात वर आला, वर येतच ऱ्हायला, साण्याच्या कडंला आला, उताना. शरिफाचा हात. मनगटावर तिच्याच काचंच्या बांगड्या, तलाकाच्या दिशी फुटलेल्या, आता साबूत.

"मावशी," खालनं कुनी म्हनलं, "विस्तव परत आनून द्या."

७

मी उतरले कशी ते मला ठावं न्हाई. मानसं गोळा केली. म्हनलं, दारं फोडा. आधी हसले. मंग माझं तोंड बगून हसायचे थांबले.

पुढचं दार फोडलं तर उंबऱ्याला लागून माती. पांढरीची, वाळलेली, वर हात फिरवल्याची बोटं उमटलेली. मागचं दार फोडलं तर तेच. खणावं असं कुनी म्हनलं न्हाई. गनीभाई आला न्हाई. त्यानं निरोप धाडला, कमरुद्दीन कामाला पुन्याकडं गेला असंल, शरिफा भावाकडं, जाताना दारं लिंपून गेली असतील. बरा निरोप हुता. सगळ्यांनी घेतला. पुढं नूरमहंमद बहिनीचं इचारत केडगावहून आला, तवा त्यालाबी तोच दिला. त्यानं इचारलं, मंग अर्धं घर आता कुनाचं? लोक आपापल्या कामाला लागले, आन त्यो तसाच गेला.

एकदा मी खापरभर निखारे त्या साण्यातनं सोडले. पडल्याचा आवाज आला न्हाई.

लढाई संपली. आता काडीपेटी मिळती. लोक मला म्हनतात, म्हातारे, जागा बदल. जाऊ कुठं? मलाबी हे एकच घर हाय. आन माझ्या घराची आन त्या घराची भिंत एकच, ती कुनाची हे कधी कुनी ठरवलेलं न्हाई. म्हनून मी रोज दिवेलागनीला भिंतीम्होरं उभी ऱ्हाते आन मोठ्यांदा तीनदा म्हनते, ही माझी, ही माझी, ही माझी. गल्लीतली पोरं हसत्यात. हसू दे. बाज मी भिंतीपास्नं वाईच दूरच टाकते. दर पंधरवड्याला आनखी वाईच.

परवापास्नं मी बोलले की भिंतीतनं उलटून आवाज यायला लागलाय. आधी म्हनले, पडसाद असंल. लांबनं येतो, बारीक, दोन गळ्यांचा, एका सुरात. पन पडसाद म्हनला की त्यो "माझी" म्हनंल.

त्यो "आमची" का म्हनतोय?